कानाची साक्ष

घरात शिरण्यापूर्वी खाकरणे हा पंडित तुलापति झा यांच्या घरातला सर्वांत जुना नियम होता. बाहेरच्या दालानातून, म्हणजे ओसरीवरून, आतल्या अंगणाकडे जाणाऱ्या दाराशी कर्त्या पुरुषाने थांबायचे, एकदा खाकरायचे आणि क्षणभर वाट पाहायची. आत सून डोक्यावरचा पदर सोडून बसलेली असली, तर ती बांगड्या वाजवी. बांगड्या वाजल्या की सासऱ्याने बाहेरच थांबायचे. काहीच वाजले नाही, तर आत जायचे. मिथिलेत सून सासऱ्याशी बोलत नाही, सासरा सुनेच्या तोंडाकडे पाहत नाही, आणि तरीही एका अंगणात दोघांचा वावर वर्षानुवर्षे सुरळीत चालतो, तो या बांगड्यांच्या जोरावर. काटेकोरपणे सांगायचे, तर बांगड्या न वाजण्याच्या जोरावर. कारण त्या क्वचितच वाजत, आणि एरवी पंडितजी दाराशी उभे राहून जे ऐकत, ते म्हणजे काहीही न वाजणे. त्या न वाजण्याचाच अर्थ ‘या’ असा होता.

माघ सरत आला असता एके सकाळी पंडितजी दाराशी खाकरले, थांबले, काही वाजले नाही, म्हणून आत गेले. अंगणाच्या मधोमध सून केस वाळवत बसली होती. पदर मांडीवर होता. दोन्ही हात दाराच्या दिशेने उंच धरून ती ते जिवाच्या आकांताने हलवत होती. पंडितजी दिसताच ती उठून आत पळाली, आणि पळताना तिच्या पायाने लवंडलेला पितळी लोटा पाण्याच्या दगडावर आपटून गडगडत पंडितजींच्या पायांशी येऊन थांबला. पंडितजी आल्या पावली मागे फिरले, दालानातल्या लाकडी चौकीवर येऊन बसले आणि विचार करू लागले. लोटा दगडावर आपटलेला त्यांनी पाहिला होता. ऐकला नव्हता.

थोड्याच वेळात त्यांच्या पत्नी तारावती बाहेर आल्या. नवऱ्याच्या समोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “काय हो, डोळे मिटून चालता की काय? पोरगी आत रडतेय.”

“बांगड्या वाजल्या नाहीत,” पंडितजी म्हणाले.

“दोनदा वाजल्या. मी चुलीपाशी ऐकल्या. मग तिनं पाट आपटला, तोही ऐकला. शेजारच्यांनी ऐकला.”

“मी लक्ष देऊन ऐकलं. काही नव्हतं. आणि लक्ष देणाऱ्याला जे ऐकू आलं नाही, ते नव्हतं असंच म्हणायला पाहिजे. वाजलं असतं तर कानावर आलं असतं. आलं नाही. यात कुठं चूक आहे ते दाखव.”

तारावती पानाचा डबा घेण्यासाठी त्यांच्या पाठीमागच्या कोनाड्याकडे गेल्या. पंडितजींनी आपला मुद्दा आणखी दोन बाजूंनी भक्कम केला, आक्षेप घेणाऱ्याच्या वतीने स्वतःच एक आक्षेप घेतला, त्याचे निरसन केले, आणि उत्तर येईना म्हणून वळून पाहिले. तारावती हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“मी आत्ता मागं उभी राहून काय म्हटलं?” त्यांनी विचारले.

“काय म्हटलंस?”

“जाऊ दे. लग्न झाल्यापासून पोटात होतं ते सगळं बोलून घेतलं. मोकळं वाटलं.” मग त्या चौकीच्या कडेला बसल्या आणि त्यांनी तोंड नवऱ्याच्या तोंडासमोर आणले. “कधीपासून?”

पंडितजींनी पान हातात घेतले, त्याचा देठ खुडला, शीर काढली. “कार्तिकातल्या तापापासून,” ते म्हणाले.

कार्तिकात त्यांना ताप आला होता, आणि तो गेला तेव्हा त्यांच्या कानांत एक रातकिडा ठेवून गेला होता. तो अहोरात्र एकाच सुरात वाजे. त्याच्या पलीकडचे आवाज आधी धूसर झाले, मग एकेक करून नाहीसे झाले. ही गोष्ट पंडितजींनी कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगावी लागलीही नव्हती. कारण गावात माणसे बहुधा तेच ते बोलतात, आणि ओठांकडे नजर ठेवणाऱ्या हुशार माणसाला त्यांचे पुढचे वाक्य आधीच कळते. पाठशाळा त्यांनी धाकट्या भावाकडे केव्हाच सोपवली होती. स्वतःकडे त्यांनी एकच गोष्ट ठेवली होती: दर फाल्गुनात जमीनदार चौधरीबाबूंच्या ड्योढीवर, म्हणजे वाड्यावर, होणाऱ्या शास्त्रार्थातले आपले आसन.

त्या आसनासमोरचे आसन बेलटोल गावच्या पंडित मधुकांत मिश्रांचे होते. दोघे एका गुरूंकडे वाढलेले, एकमेकांच्या शेंड्या झाडाला बांधलेले. पुढे तुलापति नैयायिक झाले आणि मधुकांत मीमांसक, तरी ‘अरे-तुरे’ कायम होते. मधुकांतांची मुलगी तुलापतींची सून झाली तेव्हा मात्र दोघे व्याही झाले, एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणू लागले, आणि टोमणे पूर्वीपेक्षा तिखट झाले.

त्यांचा वाद वर्षानुवर्षे एकच होता. कुणाच्या अंगणात भात कांडण्याची ढेंकी चालू असते आणि ती थांबते. मग शांतता होते. ती आपल्याला कळते याबद्दल दोघांचे एकमत होते. ती कशाने कळते याबद्दल नव्हते. तुलापतींचे म्हणणे असे की ती कानाने कळते. तळ्यात कमळ आहे हे ज्या डोळ्याने दिसते, तळ्यात कमळ नाही हेही त्याच डोळ्याने दिसते. तसाच ज्या कानाने आवाज ऐकू येतो, त्याच कानाने आवाजाचे नसणेही ऐकू येते. शांतता ही ऐकण्याची गोष्ट आहे. मधुकांतांचे म्हणणे असे की कानाला काही कळायचे, तर त्याने कानापर्यंत यायला हवे, आणि जे मुळात नाही ते येणार कसे? असते तर मिळाले असते, मिळाले नाही, म्हणून नाही: हे जे ‘न मिळणे’, तेच ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन. त्यात कानाचा वाटा नाही.

आता या वादाला पंडितजींच्या स्वतःच्या डोक्यात एक नवाच फाटा फुटला होता. पूर्वी पहाटे शेजारची ढेंकी थांबली की पहिला पक्षी बोलेपर्यंतच्या वेळात ते घरापुढच्या पोखरीच्या, म्हणजे तळ्याच्या, पायरीवर जाऊन बसत. त्या वेळात काही म्हणजे काही नसे. ते काही नसणे त्यांना पोखरीच्या पाण्याइतके स्पष्ट माहीत होते. बहिरेपण आल्यावर आवाज जातील आणि ते तेवढे उरेल, अशी कुणाचीही समजूत होईल. त्यांचीही झाली होती. प्रत्यक्षात आवाज गेले आणि त्यांच्याबरोबर तेही गेले. उरला तो रातकिडा. आणि त्या दिवशी दाराशी, बांगड्या वाजत असताना, ते शांतता ऐकल्याच्या भरवशावर आत शिरले होते. न ऐकणे आणि शांतता ऐकणे या दोन गोष्टींची त्यांनी गल्लत केली होती, आणि या एकाच प्रश्नावर त्यांचे सगळे आयुष्य गेले होते.

“यंदा ड्योढीवर जाऊ नका,” तारावती म्हणाल्या.

“का गेलो नाही ते विचारतील.”

“मग सांगा.”

“सांगितलं की आसन गेलं. बहिऱ्याशी वाद कोण घालणार?”

“मी घालतेय की.”

“तुझा वाद वेगळा. त्यात मध्यस्थ नसतो.” पंडितजींनी पान तोंडात ठेवले. “काळजी करू नकोस. व्याही काय बोलणार ते मला त्यांच्याआधी पाठ आहे.”

“आणि नवं काही बोलले तर?”

“मधुकांत? नवं?” पंडितजी मनापासून हसले.

फाल्गुनात आंब्यांना मोहोर आला आणि ड्योढीच्या अंगणात मांडव पडला. पंचक्रोशीतले पंडित डोक्यावर पाग, म्हणजे मैथिल पगडी, घालून सतरंजीवर बसले. पानांची तबके फिरली. मध्यस्थाच्या आसनावर पंडित कुलमणि पाठक होते. त्यांचे वय इतके झाले होते की ज्यांच्या वादांचा त्यांनी निकाल दिला ते बहुतेक लोक आता हयात नव्हते. वादाचे नियम त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवातीला सांगितले. पंडितजींनी ते ओठांवरून वाचले, आणि वाचले नसते तरी चालले असते. समोरच्याला उत्तर देण्यापूर्वी त्याचे म्हणणे आपल्या तोंडाने जसेच्या तसे सांगून दाखवायचे. एकदा नाही जमले तर समोरचा पुन्हा सांगेल, पुन्हा नाही जमले तर तिसऱ्यांदा. सभेला कळलेले आणि तीनदा सांगितलेले म्हणणे ज्याला सांगून दाखवता आले नाही, तो हरला.

पंडितजी मधुकांतांच्या अगदी समोर आणि नेहमीपेक्षा हातभर जवळ बसले होते.

“का हो, इतके जवळ?” मधुकांतांनी विचारले. “माझ्या ताटातलं खायचा विचार आहे?”

हे पंडितजींना कळले, कारण मधुकांतांनी ताटाकडे हात जावा तसा हात केला होता. “तुमच्या ताटात दरवर्षी तेच असतं,” ते म्हणाले, “शिळं खाऊन माझं पोट बिघडतं.” मांडव हसला. तो हसलेला पंडितजींना दिसला, आणि त्यांना धीर आला.

मग मधुकांतांनी आपला पक्ष मांडला. त्यांच्या मिशा या वर्षी वाढल्या होत्या आणि गालात पान होते. ओठ अर्धे मिशीखाली, अर्धे पानाभोवती. पंडितजींना ‘कान’ दिसला, ‘आवाज’ दिसला, ‘नाही’ दिसले. तेवढे पुरेसे होते. मधुकांत थांबल्यावर पंडितजी सावरून बसले आणि त्यांनी त्यांचे म्हणणे सांगून दाखवले: कानाला काही कळायचे तर त्याने कानापर्यंत यायला हवे, जे नाही ते येत नाही, म्हणून शांतता कानाने कळत नाही. त्यांनी ते इतके नेटके सांगितले की स्वतः मधुकांतांनाही कधी इतके नेटके जमले नसते.

सांगून झाल्यावर त्यांनी सभेकडे पाहिले. पान चघळणारी तोंडे थांबली होती. डावीकडच्या रांगेतला ताडाचा पंखा हवेत मधोमध अडकल्यासारखा उभा होता. चौधरीबाबूंनी तबकातून उचललेली सुपारी तोंडापर्यंत गेली नव्हती. रातकिडा आपल्या सुरात वाजत होता.

सभा शांत झाली आहे, असे पंडितजींनी मनाशी म्हटले. आणि त्याच क्षणी, पुढचा विचार येण्यापूर्वी, दुसरी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली: हे आपण तोंडांवरून ताडले.

काय झाले असावे, हे कळायला मग वेळ लागला नाही. तीस-पस्तीस वर्षे जे घडले नव्हते ते या वर्षी घडले होते. मधुकांत नवे बोलले होते.

मधुकांतांनी दुसऱ्यांदा सांगितले. पंडितजींनी डोळे ताणले. ‘सकाळी’ असे काहीतरी होते. ‘संध्याकाळी’ नक्की होते. सकाळचा आणि संध्याकाळचा शांततेशी काय संबंध? त्यांनी काहीच म्हटले नाही. पंखे हलले नाहीत. मधुकांतांची नजर आता त्यांच्या तोंडावर खिळली होती, आणि पंडितजींनी ओळखले की व्याह्यांना उमगले आहे.

तिसऱ्यांदा मधुकांतांनी सांगायला तोंड उघडले, मिटले, आणि तोंड मध्यस्थांकडे वळवून हात जोडले. पंडितजींना त्यांचा फक्त एक गाल दिसत होता. पण जोडलेल्या हातांचा अर्थ सभेत एकच असतो: पक्ष मागे घेतला. कुलमणि पाठकांनी भुवया उंचावल्या आणि मान डोलवायला सुरुवात केली. ती मान पूर्ण डोलली असती तर तुलापति झा जिंकले असते. शांतता कानाने कळते असा निकाल झाला असता. पंडितजी पुढच्या फाल्गुनात याच जागी बसले असते, आणि त्यांचे कान चांगले आहेत असे सगळ्यांनी धरून चालले असते. करायचे काहीच नव्हते. नुसते गप्प बसायचे होते.

“थांबा,” पंडितजी म्हणाले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हते. पुढच्या रांगेतला एकजण दचकला, त्यावरून तो बराच मोठा असावा. “व्याह्यांनी पक्ष मागे घेतला असेल तर तो त्यांना परत द्या. मला ऐकू येत नाही. कार्तिकापासून येत नाही. ते काय म्हणाले ते मला माहीत नाही.”

मग, सभा सावरण्यापूर्वी, त्यांनी बोलून घेतले.

“ऐकू येत नाही म्हणजे शांतता आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तसं नाही. आत्ता मघाशी तुम्ही सगळे गप्प झालात. ते मला कळलं. कशानं? तोंडं थांबली, पंखे थांबले, त्यावरून. धूर दिसला की विस्तव कळतो, तसं. जन्मात पहिल्यांदा मला शांतता अशी ताडावी लागली. याआधी ती कळायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. दोन्ही तऱ्हा भोगलेला माणूस तुमच्यापुढं बसलाय, आणि तो सांगतो की त्या दोन तऱ्हा वेगळ्या आहेत. कान गेला तेव्हा आवाजांबरोबर शांतताही गेली. जी कानाबरोबर गेली, ती कानाची होती.”

मधुकांतांनी हात वर करून काहीतरी म्हटले.

“व्याही म्हणत असतील, की न मिळण्याच्या साधनालाही धडधाकट कान लागतोच,” पंडितजी म्हणाले. “कान फुटका असेल तर ‘असतं तर मिळालं असतं’ असं म्हणता येत नाही. बरोबर आहे. उत्तम उत्तर आहे. त्यावर मला बोलायचंय, पण आता बोलायचा माझा अधिकार संपला. मी हरलोय.”

सभेत चुळबुळ झाली. मधुकांत उभे राहून मध्यस्थांशी भांडू लागले. दोन्ही हातांनी भांडत होते. कुलमणि पाठक आपल्या आसनावरून उठले, काठी टेकत आले आणि वाकून त्यांनी तोंड पंडितजींच्या डाव्या कानाला जवळजवळ चिकटवले. त्यांच्या घरात त्यांच्याच वयाची एक बहीण होती आणि बहिऱ्यांशी कसे बोलावे हे त्यांना ठाऊक होते.

“व्याही म्हणतात,” ते ओरडले, “ज्याला ऐकू येतं, त्यालाच नियम लागू.”

कार्तिकापासून पंडितजींच्या कानात शिरलेले हे पहिले वाक्य होते. ते दूरवरच्या बैलगाडीवरून कुणी हाक मारावी तसे आले, पण आले.

“नियमात तसं नाही,” पंडितजी म्हणाले. “‘सभेला कळलेलं’ एवढंच नियमात आहे. सभेला कळलं होतं ना?”

कुलमणींनी होकारार्थी मान हलवली.

“तीनदा सांगितलं होतं ना?”

“दोनदा,” कुलमणि ओरडले. “तिसऱ्यांदा अडले.”

“मग आत्ता सांगू द्या तिसऱ्यांदा. माझ्या कानाचा नियमात कुठंही उल्लेख नाही, आणि मला सोयीचा आहे म्हणून तो त्यात घुसडता येणार नाही. मी ज्यांना याच नियमानं हरवलं, त्यांनी उद्या मला येऊन विचारलं तर?”

मधुकांतांनी तिसऱ्यांदा सांगितले. खाली जमिनीकडे बघत, सतरंजीला सांगितल्यासारखे, भरभर सांगितले. पंडितजी गप्प राहिले. कुलमणींनी निकाल दिला. चौधरीबाबूंनी मानाचा दुशाला मधुकांतांच्या खांद्यावर घातला, आणि मधुकांतांनी तो ओली गोधडी घ्यावी तसा घेतला. जेवणाच्या पंगतीत ते पंडितजींच्या शेजारी बसले नाहीत. दहीपोहे झाले, मिथिलेत पंडितांनाही चालणारे मासे झाले, मखाण्याची खीर झाली, आणि सगळ्यांनी पंडितजींच्या ताटात आग्रहाने वाढले, जसे आजाऱ्याला वाढतात.

त्यानंतर पंडितजींना वाटले होते तसेच झाले. कुणी अपमान केला नाही. रस्त्यात भेटणारे पंडित पूर्वीपेक्षा खाली वाकून नमस्कार करीत आणि पूर्वीपेक्षा लवकर पुढे जात. पूर्वी दालानात संध्याकाळी चार माणसे वाद घालायला येत. आता ती धाकट्या भावाकडे बसू लागली. पंडितजी पोथ्या वाचत. पोथीत एखादी चूक सापडली की ते मान वर करीत, आणि सांगायला कुणी नाही असे पाहून पुन्हा खाली घालीत.

घरात मात्र एक बदल झाला, तो सुनेने केला. अंगणाच्या दाराच्या चौकटीला तिने एक खुंटी ठोकून घेतली. आपण उघड्या डोक्याने बसलेलो असलो की तिच्यावर ती लाल फडके अडकवी. फडके असेल तर पंडितजी थांबत. नसेल तर आत जात. सवयीने खाकरणे चालूच राहिले. पहिल्या दिवशी रिकाम्या खुंटीपुढे ते जरा जास्तच वेळ उभे होते. फडके नाही, हे त्यांना डोळ्याने दिसत होते. ते ताडावे लागत नव्हते. कुणाशी तरी हे बोलायला हवे होते.

“सूनबाईला सांग,” त्यांनी तारावतींना म्हटले, “की तिच्या बापाला जे इतकी वर्षं कळलं नाही, ते तिनं खुंटी ठोकून दाखवलंय.”

“ती म्हणते, बापाचं तुम्ही बापाला सांगा,” तारावती आतून विचारून येऊन म्हणाल्या. “आणि फडकं धुवायला काढलं की आणखी एक लागेल.”

वैशाखात एका दुपारी मधुकांत आले. मागे गड्याच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत गवतात गुंडाळलेला रोहू मासा. व्याह्याकडे रिकाम्या हाताने यायचे नाही म्हणून त्यांनी तो आणला होता. मिशा त्यांनी कापून आणल्या होत्या. ते चौकीवर पंडितजींच्या डाव्या बाजूला बसले, टोपली आत पाठवली, घाम पुसला, आणि तोंड त्यांच्या कानाशी नेले.

“डोकं तुम्हाला,” ते ओरडले. “माशाचं. हरलेल्याला डोकं द्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी तरी वापरेल.”

पंडितजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. “तुम्ही त्या दिवशी काय म्हणाला होतात?” त्यांनी विचारले.

“तेच सांगायला आलोय. बेलटोलपासून चालत आलोय. ऐका.” मधुकांतांनी दम घेतला. “माणूस सकाळी घरात असतो. आपल्या कामात असतो. संध्याकाळी त्याला कुणी विचारतं, आज सकाळी तुझ्या अंगणात ढेंकी चालली होती का रे? तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, नव्हती. सकाळी त्याच्या मनातही ढेंकी नव्हती. ती नाही हे त्याला कळलं संध्याकाळी. आणि संध्याकाळचा कान सकाळी जाऊ शकत नाही. मग कळलं कशानं? कान सोडून काहीतरी आहे की नाही?”

“चांगलं आहे,” पंडितजी म्हणाले. “हे तुम्हाला सुचलं?”

“मग कुणाला?”

“काही नाही. पुन्हा सांगा. ‘मनातही नव्हती’च्या पुढचं निसटलं.”

मधुकांतांनी पुन्हा सांगितले. आता पोखरीच्या पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायांनी हात थांबवून इकडे पाहिले. पंडितजींनी ते म्हणणे आपल्या तोंडाने सांगून दाखवले, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि मग त्यावर तुटून पडले. संध्याकाळी जे आठवते ते सकाळी कुठेतरी जमा झालेले असणार. न घेतलेले आठवणार कसे? आणि सकाळी घेणारा कानाशिवाय दुसरा कोण होता? मधुकांत म्हणाले, आठवते ते घर, शांतता नव्हे. पंडितजी म्हणाले, घर आठवते ते शांततेसकट. मग पंडितजींनी खुंटी आणि फडके काढले. मधुकांत म्हणाले, डोळ्याची गोष्ट डोळ्यापाशी ठेवा, आणि माझ्या मुलीला माझ्या विरुद्ध साक्षीला उभी करू नका. दोघांपैकी एकाला ऐकू येत नव्हते आणि दुसऱ्याला ते सतत आठवून ओरडावे लागत होते, त्यामुळे शांततेविषयीची ही चर्चा अर्ध्या गावाने ऐकली. दारात तारावती येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा दोघांकडे पाहिले, तोंडाला पदर लावला आणि त्या परत गेल्या. त्या हसत होत्या की वैतागल्या होत्या, हे पंडितजींना पदरामुळे कळले नाही.

ऊन उतरू लागले तेव्हा मधुकांतांचा घसा बसला. त्यांनी हातानेच ‘पुरे’ अशी खूण केली, पाण्याचा लोटा तोंडाला लावला आणि खांबाला टेकून बसले. दोघे पोखरीकडे पाहत राहिले. काठावरच्या बाया निघून गेल्या होत्या. पाण्यावर मखाण्याची रुंद पाने पसरली होती आणि त्यांतले एकही हलत नव्हते. शेजारच्या अंगणात ढेंकीचे लाकूड वर उचललेल्या स्थितीतच टेकू देऊन ठेवलेले दिसत होते. पंडितजींनी हे सगळे पाहिले. यावरून एक गोष्ट ताडता येत होती. पण ताडायची त्यांची इच्छा नव्हती.

“आत्ता शांत आहे का?” त्यांनी विचारले.

मधुकांतांनी त्यांच्याकडे पाहिले. प्रश्न वादातला नव्हता हे त्यांनी ओळखले असावे, कारण त्यांनी टोमणा मारला नाही. त्यांनी लोटा आवाज न करता खाली ठेवला. मान उजवीकडे किंचित कलती केली, कान पोखरीच्या दिशेने धरला, डोळे मिटले, श्वास रोखला, आणि असे ते थोडा वेळ बसून राहिले. पंडितजी त्यांच्या कानाकडे पाहत होते. पिकलेल्या केसांतून बाहेर आलेला, बऱ्यापैकी मोठा, म्हातारा कान होता.

मग मधुकांतांनी डोळे उघडले, आणि मान तशीच ठेवून होकारार्थी हलवली. आहे.

“कशानं कळलं?” पंडितजींनी विचारले.

मधुकांतांनी उत्तर द्यायला तोंड उघडले.

“आधी मान सरळ करा,” पंडितजी म्हणाले.

मधुकांतांनी मान सरळ केली. ते काही वेळ चौकीच्या फळीकडे बघत राहिले. मग सरकून जवळ आले, बसलेला घसा खाकरून साफ केला आणि पंडितजींच्या डाव्या कानात आपले उत्तर सांगू लागले: आपण शांतता ऐकत नव्हतो, कान धडधाकट आहे की नाही एवढेच तपासत होतो, आणि या दोन गोष्टींत फरक असा की…

“पुन्हा सांगा,” पंडितजी म्हणाले. “फरकाच्या पुढचं ऐकू आलं नाही. तीनदा सांगायचा नियम आहे.”